गाळा बंद

माहेरचे किस्से सगळ्याच बायकांकडे असतात. माझ्याकडे लाळेचे आहेत. तीन वर्षांत इतके साठलेत की भिशीतल्या मैत्रिणींना सांगायला घेतलं तर आधी त्या नाक मुरडतात, मग हसतात, मग एकीला अचानक कुकर लावायची आठवण होते. तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

आमच्या ह्यांना मोटर न्यूरॉनचा आजार आहे. एकेक स्नायू काम सोडत जातो. ह्यांच्या बाबतीत सुरुवात जिभेपासून झाली, आणि जीभ म्हणजे तर ह्यांचा धंदा. मार्केट यार्डात गुळाचा गाळा, पस्तीस वर्षं. ढेपेचा खडा जिभेवर ठेवायचा आणि माल कुठल्या भागातला, खारटपणा किती, रंग उजळायला पावडर किती मारलीय, सगळं सांगायचं. ती जीभ जपायची म्हणून साधी सुपारीसुद्धा कधी खाल्ली नाही.

०

हॉस्पिटलात नंबर लावून बसलो होतो. ह्या आजारात लाळ काही जास्त होत नाही. सगळ्यांना होते तेवढीच होते. आपण ती नकळत गिळतो, ह्यांना गिळता येईना. ओठाच्या कोपऱ्यातून ओघळ आलेला. तेवढ्यात वॉचमन आला.

"काका, तोंडातली तंबाखू बाहेर थुंकून या. इथं चालत नाही."

हे काहीतरी सांगायला गेले. बोलणं तेव्हाच जड झालं होतं, त्यात शर्टावर आणखी सांडलं. वॉचमन माझ्याकडे वळला. "सकाळी सकाळीच घेतलीय का?"

मी फाइल दाखवली. बिचारा ओशाळला आणि ह्यांच्यासाठी ग्लासभर पाणी घेऊन आला. ते गिळणंही ह्यांना जमत नव्हतं. त्या दिवसापासून ह्यांनी गाळ्यावर जाणं सोडलं.

०

मग नॅपकिन सुरू झाले. दिवसाला पंचवीस-तीस. वारज्यात आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, दोऱ्या गॅलरीत. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी मला भाजीवाल्यापाशी गाठलं.

"अभिनंदन हं! मुलगा की मुलगी?"

म्हटलं, "नवरा."

त्या कोथिंबीरही न घेता गेल्या.

०

लाळ कमी व्हावी म्हणून डॉक्टरांनी थेंब लिहून दिले. थेंब डोळ्यांचे, पण घालायचे जिभेखाली. असं करतात म्हणे. औषधांच्या दुकानातल्या माणसाने बाटली देताना बजावलं, "डोळ्यांतच घाला हं. तोंडात जाऊ देऊ नका."

"तोंडातच घालायचेत," मी म्हटलं.

त्याने चष्मा काढला, चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून वाचली, परत चष्मा घातला. "बरं. मग कानाला काय?"

"कानामागे पट्टी चिकटवायची आहे. खाली लिहिलंय बघा."

थेंबांनी लाळ आटली, पण इतकी की तोंड कोरडं पडलं आणि उरलीसुरली घशात चिकटून तार धरायला लागली. तोवर ह्यांचा आवाज गेला होता. उजव्या हाताची दोन बोटं चालतात, त्यांनी मोबाइलवर टाइप करतात. त्या दिवशी टाइप केलं, "पाक पुढे गेला." डॉक्टरांना तेच वाचून दाखवलं. ते हसले आणि थेंब कमी केले.

०

पुढे पोटात नळी बसवली. जेवण, पाणी, औषधं, सगळं नळीतून. आणि गेल्या महिन्याच्या शेवटी एक दिवस ह्यांनी तोंडच मिटून घेतलं. सकाळी मी ब्रश घेऊन उभी, हे दात आवळून. टाइप केलं, "गाळा बंद."

डॉक्टर म्हणाले, "नळीने जेवत असले तरी तोंड दोन वेळा साफ व्हायलाच हवं. तिथली घाण छातीत उतरली तर आता न्यूमोनिया ह्यांना झेपायचा नाही." मी ते ह्यांना शब्दशः सांगितलं. ह्यांनी डोळेही मिटले.

मला भीती वाटली. खरं सांगू, त्याहून जास्त राग आला. मी तीस-तीस नॅपकिन धुते आणि ह्यांना तोंड उघडायचं जड झालं? ओरडले मी ह्यांच्यावर. मग बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि आत गेलेच होते म्हणून नॅपकिनही धुऊन टाकले.

गिळण्याचे व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची. ती म्हणाली, "काकू, फोमची काडी त्यांच्या आवडीच्या चवीत बुडवा, घट्ट पिळा आणि जिभेच्या टोकाला लावून बघा. गिळायला काही द्यायचं नाही, नुसती चव." लिंबू झालं, पुदिना झाला, कोकम झालं. तोंड मिटलेलंच. गूळ मी मुद्दाम टाळला. ज्याचं आयुष्य त्या चवीत गेलं त्याला काडीने गूळ लावायचा मला धीर होईना.

०

परवा दुपारी पुतण्या आला, दिलीप. गाळा आता तोच बघतो. त्याला काडी, न्यूमोनिया, रुसवा, यातलं काही माहीत नव्हतं. खिशातून रुमाल काढला, त्यातला खडा ह्यांच्यासमोर धरला आणि नेहमीसारखं विचारलं, "काका, नवा माणूस माल देतोय. उतरवून घेऊ का?"

मी त्याला अडवणार, तोच ह्यांनी तोंड उघडलं. दहा दिवसांनी.

मी खड्याचा तुकडा पाण्यात विरघळवला, काडी बुडवून पिळली, लाळ ओढायचं मशीन जवळ ओढलं आणि काडी जिभेला लावली. हे बराच वेळ डोळे मिटून होते. मग बोटं हलली.

"खारट. परत पाठव."

दिलीपने उरलेला खडा चघळून पाहिला. "मला तर गोडच लागतोय काकू," असं पुटपुटला, पण फोन करायला गॅलरीत गेला.

ह्यांचं तोंड उघडंच होतं. मी ब्रश घेतला आणि वरून, खालून, दाढांमागून फिरवला. ह्यांनी फिरवू दिला. झाल्यावर टाइप केलं, "पुढचा दाखव."

दिलीपने एकच खडा आणला होता. मी स्वयंपाकघरात गेले, डब्यातला गूळ विरघळवून आणला आणि काडी लावली.

ह्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि टाइप केलं, "पाकिटातला? कधीपासून?"