काकू सेनापती, काका वैद्य

परवाच्या शनिवारी आमच्या पडेगावच्या घरात मी चारचौघांत तोंडावर आपटलो… आणि एवढा आनंद मला आजवर कुठल्याच सभेनं दिला नव्हता.

झालं असं की माझा घसा बसलाय. लागोपाठ भाषणं केली, आणि डॉक्टर म्हणाले, "पंधरा दिवस भाषण बंद." माशाला सांगावं, पोहू नकोस… तसंच हे.

पण चिंता घशाची नव्हती, रविवारची होती. रविवारी शोभाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, निरोप समारंभ होता. उभी नोकरी पहिलीच्या वर्गावर काढून ती निवृत्त होत होती.

आमच्या घराची रीत अशी की बारसं असो नाहीतर तेरावं, 'दोन शब्द' मीच बोलायचे. शोभानं शाळेत सांगूनही टाकलं होतं, "माझ्या वतीनं हे बोलतील." आणि 'हे' बसले होते गरम पाण्याच्या गुळण्या करत!

"तूच बोल की," मी घोगऱ्या आवाजात म्हटलं.

"नको गं बाई! माइक बघितला की माझे पाय कापतात. मी आपली नारळ घेऊन गुपचूप घरी येते."

पहिलीच्या पोरांना बोलायला शिकवणारी बाई स्वतःच्या निरोपाला न बोलता घरी येणार… हे काही माझ्या गळ्याखाली उतरेना.

शनिवारी दुपारी पुतणी सायली आणि तिचा मित्र फरहान आले. "काका, घसा बंद आहे ना? मग खेळायला बसा," सायली म्हणाली. रोल-प्लेइंग गेम म्हणे… ती गोष्ट सांगणार, आपण एकेक पात्र व्हायचं, आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. पात्राला ताकद, वैद्यकी, वक्तृत्व असे गुण वाटायचे. एकीकडं जास्त दिले की दुसरीकडं कमी पडणार.

मी लगेच सिद्धांत मांडला. माणूस खेळातही स्वतःलाच निवडतो! भित्रा लपायला जागा शोधतो, लढवय्या तलवार उचलतो… पुराव्याला ग्रीकांपासून सुरुवात केली.

"चाचा, डाक्टर चुप बैठने कू बोले ना तुमकू?" फरहान म्हणाला.

सायलीनं माझ्यासाठी सेनापती राखून ठेवला होता. पण मी घेतला वैद्य. जन्मभर भांडतोच आहे, म्हटलं एकदा कुणाला तरी बरं करून बघू… सगळे गुण वैद्यकीत ओतले, वक्तृत्वाला उरला फक्त एक. फरहान चोर झाला. सेनापती तसाच पडून राहिला.

शोभा चहाचे कप उचलत होती. "द्या मला तो. कुणी घेत नाही तर वाया कशाला घालवायचा?" उरलेली पोळी खावी तसा तिनं सेनापती घेतला!

गोष्टीत आम्ही जळालेल्या गावातली माणसं घेऊन एका किल्ल्यापाशी पोचलो. पुढं खंदक, मागं शत्रू, आणि किल्लेदार, म्हणजे सायलीच, काही दार उघडेना.

मला राहवलं नाही. घसा विसरून मी उभा राहिलो. न्याय, इतिहास, मानवता… चांगली लय लागली होती.

"काका, थांबा," सायली म्हणाली. "तुमच्या वैद्याचं वक्तृत्व एक आहे. फासा टाका."

फासा पडला दोनवर.

"किल्लेदाराला जांभई आली," सायलीनं जाहीर केलं. फरहान हसून हसून सतरंजीवर आडवा. "चाचा, तुमारी तकरीर तो गई खंदक में!"

आणि मग शोभा बोलली. हातातले कप खाली ठेवले, पदर खोचला आणि थेट सायलीच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "किल्लेदार, दार उघडू नका. नुसतं तटावर या आणि खाली बघा. ही लेकरं बघून झाल्यावरही दार बंद ठेवता आलं… तर ठेवा."



सायलीनं फासा उचलला आणि बाजूला ठेवला. "फासा नको, काकू. दार उघडलं."

"मी कुठं बोलले? सेनापती बोलला," म्हणत शोभा कप घेऊन आत पळाली.

माझा सिद्धांत तिथंच कोसळला. आपल्याकडं भारुडात माणूस सोंग घेऊन येतो आणि एरवी जे बोलवत नाही ते बिनदिक्कत बोलून जातो. हे मी कितीतरी व्यासपीठांवरून सांगितलंय… आणि घरातलं सोंग ओळखायला मला फासा लागला!

रविवारी शोभाचं नाव पुकारलं. ती माझ्याकडं वळली. मी घशाकडं बोट दाखवलं. मागून सायली पुटपुटली, "काकू, सेनापती!"

शोभा उठली. पदर खोचला, माइक धरला आणि म्हणाली, "माझं कौतुक नंतर करा. आधी सगळे वर चला आणि पहिलीच्या वर्गात पाच मिनिटं बसून बघा. छताचा पत्रा कसा तापतो ते कळेल. तेवढं बसून झालं की मग हार घाला." आणि खरंच जिना चढायला लागली!

अध्यक्ष गेले, पाहुणे गेले, त्यांच्यामागं आम्ही सगळे. छोट्या बाकांवर गुडघे दुमडून मोठी माणसं घाम पुसत बसली… पाच मिनिटांच्या आत छताचं काम कबूल झालं. हार तिथंच, फळ्यासमोर घातला.

मी टाळ्या वाजवल्या. तळहात लाल होईपर्यंत. घसा नसला तरी तेवढं करता येतं…

सायली, फरहान, मनापासून आभार. डॉक्टरांनी उद्या बोलायची परवानगी दिली तरी तुमच्या खेळात मी वैद्यच राहणार. सेनापती आमच्या घरात आता एकच आहे… आणि तिच्यासाठी गुळण्यांचं पाणी गरम करायचं खातं मी आनंदानं स्वीकारलंय.