खाली कांडी

पत्ते खेळताना हातात काही नसताना कुणी छाती फुगवून चाल केली की आमच्या नवागामच्या गल्लीत ओरडा होतो, "खाली कांडी!" बाहेरचे याला ब्लफ म्हणतात म्हणे. म्हणोत बापडे. आमचा शब्द धुडकूअण्णांनी लूमवरून आणलाय.

लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर, इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात सुताची कांडी असते. ती खाली, म्हणजे रिकामी झाली तरी धोटा खटाखट पळतच राहतो. आवाज तोच, रुबाब तोच, कापड मात्र विणलं जात नाही. गोकुळाष्टमीच्या सातम-आठमला ओट्यावर शेंगा लावून तीन पत्ती बसली की अण्णा नेमकं हेच करतात.

पण त्यांची एक खोड सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, त्यांना सोडून. पानं चांगली असली की अहिराणीत अरे-तुरे: "टाक रे, बठ्या शेंगा टाक!" म्हणजे सगळ्या. पानं भिकार आली की एकदम शाळामास्तर: "आपण चाल करावी, शेठ." मग त्यांच्या शेंगा आमच्या पदरात.

लूम सुटली आणि अण्णा घरी बसले. नेमके तेव्हाच त्यांच्या मंगलाबाईंचे पालथ्या मातीच्या खापरावर भाजलेले पुरणाचे मांडे जोरात चालायला लागले. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर तर डिंडोलीपर्यंतच्या ऑर्डरी. अण्णांना चहासाठी गिऱ्हाइकांच्या मागे उभं राहावं लागे. हे मी थोडं वाढवून सांगतेय, पण थोडंच.

एका सकाळी ते उंबऱ्यात येऊन म्हणाले, "मंगलाबाई, आपण हा उद्योग बंद करावा. अन्यथा आम्ही गावी, अमळनेरला जाऊ. कायमचे."

जन्मभर 'मंगले' म्हणणारा माणूस! मंगलाबाईंनी पदराआड हसू दाबलं आणि म्हणाल्या, "जाऊ की. मी पण येते."

दुपारी त्या खापर घेऊन माझ्याकडे आल्या. "सरला, हे तुझ्याकडे ठेव."

"अहो, कांडी खालीच आहे त्यांची."

"माहीत आहे व. पण हट्टाला पेटून खरंच निघाले तर?" खापरावरून त्यांचा हात निघेना. "आता कुठं लोक मला माझ्या नावानं ओळखायला लागलेत. गावात जाऊन मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी दारात रिक्षा. गाठोडी चढली, मंगलाबाई ताठ बसल्या. अण्णा मागे वळून वळून चुलीकडे बघत होते. शेवटी घसा खाकरून म्हणाले, "रिक्षावाले भाऊ, आपण निघावं."

रिक्षा कोपऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. मग सगळ्या गल्लीला ऐकू आलं, "उतर व मंगले! खापर कोठे शे?"

"शो देताय का? पानं उघडताय?"

"शो, माय, शो! उतर आते!"

मंगलाबाई उतरल्या, त्या थेट चुलीकडेच. गाठोडी अण्णांनी आणली. आता पुरण वाटायचं काम त्यांच्याकडे आहे आणि चहा त्यांचा तेच करून घेतात.

खापर परत देण्याआधी मी हौसेनं त्यावर एक मांडा करून बघितला होता. मधे फाटला, कडेला करपला. तो अण्णांपुढे ठेवला. त्यांनी घास घेतला, बराच वेळ चावला आणि म्हणाले,

"सरलाबाई, आपला मांडा उत्कृष्ट झाला आहे."