उताराला गार पडणारी गाडी

जानेवारीतली सकाळ. मतलई वारा वाड्यांतून समुद्राकडं निघाला होता आणि जाता जाता शिरगावातल्या प्रत्येकाच्या कानात शिरून जात होता. प्रेमला कोंबड्यांच्या रिकाम्या शेडमध्ये भाताचा तूस पसरत होती. मधेच तळवा टेकवून बघायची, ओल लागली की तेवढा तूस उचलून बाहेर फेकायची.

तिचा नवरा दिनानाथ मिसरी लावत दाराशी उभा होता.

"पिलांची ही खेप मेली तर या शेडात पेंढा भराचा," तो म्हणाला. "आताच सांगून ठेवतों."

"भरा. पेंढा गारठून मरत नाय, तेवढं एक बरं हाय त्याचं."

पिलं नाशिककडच्या हॅचरीतून यायची, एका दिवसाची, पुठ्ठ्याच्या खोक्यांत. वाट त्र्यंबक, मोखाडा, जव्हारवरून, आणि थंडीत त्या घाटात माणसाचे दात वाजतात. म्हणून तर प्रेमलानं ही गाडी घ्यायला लावली होती. तारापूरच्या कॉलनीतला कुणी उत्तरेकडचा साहेब बदली होऊन चालला होता, त्याची जुनी पांढरी मोटार. बघायला गेलेल्या पुरुषांनी टायर लाथाडले, पत्रा ठोकला. प्रेमलानं डॅशबोर्डावरचा हीटरचा खटका बघितला. शिरगावात मोटारीला हीटर म्हणजे मासळीला पाण्याची घागर. बाकीचे हसले. ती हसली नाही.

डिसेंबरातल्या पहिल्या खेपेला पुढच्या सीटवरच्या खोक्यांतली पिलं तेवढी जगली. गारठा लागला की पिलं ऊब शोधत एकमेकांवर चढतात, वरची जगतात आणि खालची गुदमरतात. मागच्या खोक्यांत तसंच झालं. तेव्हापासून नवराबायकोचा एकच वाद चालला होता.

"हीटर चालतो," दिनानाथ म्हणायचा. "जाताना माझे पाय भाजले."

"जाताना खोकी रिकामी होती. येताना काय भाजलं?"

"येताना तू बडबडत होतीस. माझं ध्यान नव्हतं."

तूस पसरून झाल्यावर तिनं त्याला गाडी काढायला लावली आणि दोघं पालघरला शांताराम मिस्त्रीच्या गॅरेजात गेली.

"गाडी गरम होत नाय," प्रेमला म्हणाली.

शांतारामनं हात पुसले. "मग पेढे वाटा, वयनी. लोक माझ्याकडं उलटं रडगाणं घेऊन येतात."

"आतून गरम होत नाय. चढाला ऊन वारा येतो, उताराला गार."

"अस्सं." त्यानं बॉनेट उघडलं, आत बघितलं, आणि कुणी गावातला ओळखीचा भेटावा तसा चेहरा केला. "याच्यात थर्मोस्टॅटचा वॉल नाय. उताराला इंजिनला काम नसतं, रेडिएटरचं पाणी गार पडतं. पाणीच गार, तर हीटर ऊब कुठून आणेल? पाणी तापेतो वॉल त्याला रेडिएटरकडं जाऊ देत नाय."

"मग तो गेला कुठं?"

"मीच काढला. ही गाडी तारापूरला होती तेव्हाच. मी सगळ्यांचे काढतों. आपल्याकडं गाडी उकळते, तिला वॉल कशाला? तो अडकून बसला तर इंजिन जातं, आणि शिव्या मला."

"आमचा वॉल द्या."

शांतारामनं बिस्किटांचा एक गंजका डबा पुढं केला. डब्यात वॉलच वॉल होते, सगळे एका आईची लेकरं असल्यासारखे. काही बसणारच नव्हते, ते त्यानं बाजूला काढले. उरलेल्यांतला चालू कुठला, हे त्यालाही सांगता येईना.

"एकेक बसवून बघू," तो म्हणाला. "चार-आठ दिवस लागतील."

"उद्या पिलं आणायला निघायचं हाय."

प्रेमला शेजारच्या चहावाल्याकडं गेली आणि उकळत्या पाण्याचं पातेलं मागून घेतलं. उरलेले सगळे वॉल त्यात टाकले. चहावाला बघत राहिला.

"काय शिजवता, बाय?"

"शिंपल्या. तोंड उघडतील त्या चांगल्या."

बहुतेक वॉल मिटून बसले. दोन उघडे होते, पण ते गार पाण्यातही उघडेच. एक मात्र उकळत्या पाण्यात हळूहळू उघडला, आणि गार पाण्यात टाकल्यावर मिटला. तिनं तो पदरात घेऊन शांतारामच्या हातात दिला.

"उन्हाळ्यात उकळली तर माझ्या नावानं बोंब मारू नका," तो म्हणाला आणि बसवायला वाकला.

तोवर तिनं पुढच्या सीटखाली हात घातला. हीटरचा वारा तिथूनच मागं जायचा. दिनानाथनं तिथं जॅक, दोरखंड, फाटकं गोणपाट आणि नारळ कोंबून ठेवले होते.

"नारळ कशाला?"

"वाटेत देव लागतात."

"देवांना डिकीतून द्या."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं नाशिकला पोचली, एका ओळखीच्या घरी निजली, आणि उजाडताना पिलं उचलून निघाली. प्रेमला मागं खोक्यांमध्ये बसली होती, खोक्यांच्या भोकांतून बोटं आत घालून. त्र्यंबक मागं पडलं. मोखाड्याचा उतार लागला तशी पिलं ओरडू लागली. दिनानाथ आरशातून मागं बघू लागला.

उतार संपता संपेना. पण सीटखालून वारा येत होता, आणि तो गरम होता. हळूहळू ओरडणं थांबलं. तिनं एका खोक्याचं झाकण उचललं. पिलं पसरून बसली होती, पोट भरलेल्या बायका ओट्यावर बसाव्यात तशी कुजबुजत.

जव्हारला दिनानाथनं सदरा काढला. विक्रमगडला बनियन काढला.

"काच खाली करूं?"

"नाय."

"माणूस मरल ना इथं!"

"तुमची खेप नाय ही."

मनोरच्या नाक्यावर हवालदारानं उघडाबंब ड्रायव्हर बघून गाडी थांबवली, आत डोकावला, तोंडावर गरम वाफ घेतली आणि काही न विचारता हात हलवून सोडून दिलं.

शिरगावला पोचल्यावर दोघांनी शेडमध्ये उबेसाठी लावलेल्या बल्बाखाली खोकी उघडली. प्रेमला एकेका पिलाची चोच गुळाच्या पाण्यात बुडवून सोडत गेली. मेलेली दिनानाथच्या एका मुठीत मावली. तो ती पुरून आला, आणि शेडच्या दाराशी उभा राहिला.

"पेंढ्याचं काय कराचं?" त्यानं विचारलं.

"गाडीत ठेवा. तिथं ऊब हाय."

तो सदरा घालत घराकडं गेला. प्रेमलानं शेवटचं पिलू सोडलं, हात धुतले. कोळीण परसात बोंबलांचा वाटा ठेवून गेली होती आणि दुपार कलायला आली होती. विळी घेऊन ती पायरीवर बसली आणि पहिल्या बोंबलाचं डोकं उडवलं.