वाळ्याखालची खूण

त्या बाईच्या कानाखाली मी वाजवली तो आवाज अख्ख्या गल्लीनं ऐकला, आणि मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

आमची मुलगी दोन वर्षांची होती. मानवतला माझ्या कचेरीमागच्या गल्लीत एक बाई घरीच लेकरं सांभाळायची. सगळे तिला मावशी म्हणायचे. नोंदणी आहे का, एका वेळी किती लेकरं घेता, तपासायला कुणी येतं का, यातलं मी काहीच विचारलं नाही. मावशी म्हटल्यावर कागद कसा मागायचा? संध्याकाळी ती लेकराला तोंड धुऊन, पावडर लावून उंबऱ्यावर आणून द्यायची. पडद्यापलीकडं आम्हा आयांपैकी कुणीच कधी गेलं नव्हतं.

मुलीच्या डाव्या घोट्यावर लाल वळ दिसायला लागला. वाळा घासतोय, असं सासूबाई म्हणाल्या. मी सोनाराला शिव्या घातल्या आणि वाळा काढून ठेवला. वळ जाईना, उलट कातडं सोलून निघालं. तेव्हा माझं डोकं फिरलं. भर दुपारी, न सांगता मावशीच्या घरी गेले.

आतून किंकाळी आली. मी पडदा ओढून तोडलाच. बाजेच्या चार पायांना चार लेकरं, लुगड्याच्या चिंधीनं पाय बांधून बसवलेली. माझी पोर चिंधी ताणून पाण्याच्या माठाकडं सरकत होती आणि मावशी तिच्या पाठीत उलथणं हाणत होती. "बस म्हनलं तर बसत न्हाईस?"

मी तिच्या कानाखाली ठेवून दिली. तिनं माझे केस धरले, मी तिचा हात पिरगाळून उलथणं हिसकलं. दोघी जमिनीवर आदळलो. बांधलेली लेकरं आरडत होती. शेजारणींनी आम्हाला ओढून बाजूला केलं.

"रानात आमी असंच बांधतो लेकरं!" ती ओरडली. "मह्या थोरल्याला बांधलं न्हवतं, हिरीत गेला त्यो. तुमाला काय ठावं?"

तरी उलथणं मी सोडलं नाही. "विहिरीच्या भीतीनं बांधलंस, मग मारलंस कशाला?"

आता कुणी पाळणाघराचं विचारलं की मी चिडूनच सांगते: नोंदणी बघा, लेकरं मोजा, आणि भर दुपारी न सांगता आत शिरा. जी आत येऊ देत नाही तिच्याकडं लेकरू ठेवू नका. ती कितीही गोड बोलू दे.

त्या मारामारीच्या दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी घरीच राहिले. सकाळी कणीक मळायला बसले, तेवढ्यात मुलगी माझी ओढणी फरफटत घेऊन आली. ती तिनं माझ्या मांडीवर ठेवली, पलंगाच्या पायाला टेकून मुकाट बसली आणि डावा पाय माझ्यापुढं केला.