ऑपरेशन बिघडलं नव्हतं

गेल्या महिन्यात छत्रीबागेत, आमच्याच गल्लीत, शेजारच्या विमलाजी भेटल्या. डोळ्यावर रुमाल धरलेला... त्यांच्या पापणीचे केस आत वळलेत, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय. कधी करताय म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "नहीं करवाना भाभीजी. भाईसाब बता रहे थे, आपका तो बिगाड़ दिया डॉक्टर ने."

भाईसाब म्हणजे आमचे हे.

मला लहानपणी डोळ्यांत खुपऱ्या झाल्या होत्या. इकडे हिंदीत रोहे म्हणतात. सगळ्या भावंडांत एकच टॉवेल, एकाचं दुसऱ्याला... त्या बऱ्या झाल्या, पण पापणी आतून आकसत गेली. पन्नाशीनंतर केस बुबुळाला घासायला लागले. डोळा मिटला तरी टोचायचं, उघडला तरी टोचायचं.

ह्यांनी चिमटा आणला. मला खिडकीपाशी बसवून एकेक केस उपटायचे, अगदी मायेनं. बायकोसाठी किती करतात, म्हणून नातेवाइकांत कौतुक व्हायचं.

शेवटी ऑपरेशन केलं. पापणीची कड बाहेर वळवून टाके घातले, छान झालं. पण डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून बजावलं होतं की हे परत होऊ शकतं. टाके निघाले तरी तपासणीला येत राहायचं, जरा टोचलं की लगेच यायचं. आणि घरी केस उपटायचे नाहीत, अर्धवट तुटला तर खुंट जास्त घासतो... हे मान हलवत होते.

पहिली तपासणी झाली. पुढच्या वेळी हे म्हणाले, सब ठीक तो है, डॉक्टर लोक बोलावतातच. काही महिन्यांनी टोचायला लागलं, तर पुन्हा चिमटा काढला. डॉक्टर नको म्हणालेत, अशी मी आठवण करून दिली. त्यावर रुसले, जेवले नाहीत, माझ्या हातावर विश्वास नाही म्हणाले. साठी उलटल्यावर रुसवे काढायचा कंटाळा येतो हो... मी खिडकीपाशी जाऊन बसले.

मग एकदा त्या डोळ्यापुढचं धुकं हटेचना. मी एकटीच रिक्षा करून गेले. बुबुळावर पांढरा डाग पडला होता, पापणीत तुटक्या केसांचे खुंट. पापणी पुन्हा नीट करता येईल, पण डाग जाणार नाही, गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. सुरुवातीलाच आला असतात तर... म्हणत ते चिठ्ठी लिहायला लागले.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून जो भेटेल त्याला सांगायला लागले की डॉक्टरनं ऑपरेशन बिघडवलं. मी खोडून काढलं नाही. म्हटलं, माणसाला लाज कुठेतरी लपवावी लागते.

पण आता ती विमलाजींच्या डोळ्यात लपायला निघाली होती. मी तिथेच रस्त्यात त्यांना सगळं सांगितलं, चिमट्यासकट. त्यांनी डोळ्यावरचा रुमाल खाली घेतला. मग हळूच विचारलं, "भाईसाब खुद निकालते थे?" मी हो म्हटलं.

संध्याकाळपर्यंत घरी कळलंच. चार लोकांत माझी इज्जत काढलीस, म्हणाले. मी आवाज न चढवता म्हटलं, "तुमच्या इज्जतीसाठी माझा डोळा गेला तेवढा पुरे. विमलाजींचा नाही जाऊ देणार."

परवा त्यांचं ऑपरेशन झालं. मीच बरोबर होते, आणि पुढच्या प्रत्येक तपासणीलाही मीच नेणार आहे. टोचायला लागलं तर घरच्यांच्या आधी मला फोन करा, असं बजावून ठेवलंय.

बहीण समजावते की ह्यांनी काही वाईट मनानं केलं नाही. खरंय. मन चांगलंच होतं... दिसत नाही ते मला.