उजेड कुठून येतोय?

रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन मी पूजेला बसायचो आणि त्या हिवाळ्यात महादेवाकडे माझं एकच मागणं असायचं, की माझ्या डोळ्यांचं कुणाला कळू देऊ नकोस. डोळे बरे कर, असंही मी म्हणत नव्हतो. उजव्या डोळ्यापुढे पांढुरका पडदा कायमचाच झाला होता. डाव्यानं दिसायचं, पण ऊन समोर आलं की सगळं विरघळून जायचं.

तलवाडा ते गेवराई माझी जीप चालायची. गावोगावी नव्यानंच जीपा सुरू झाल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. वडिलांचं किराणा दुकान धाकट्या भावाकडे सोपवून मी गाडी घेतली होती. अडलेली बाळंतीण असो की साप चावलेला माणूस, लोक आधी माझ्या दारात यायचे. ‘अण्णाची जीप हाय, मग भ्यायचं काम न्हाई,’ हे बोलणं मला, खरं सांगतो, पूजेपेक्षा गोड लागायचं. त्यात माझ्या चुलत्यांचा एक डोळा फार पूर्वी ऑपरेशननंतर कायमचा गेला होता. तपासलं की कापणार आणि कापलं की जाणार, असं माझ्या मनानं घेतलं होतं. रस्ता मला पाठ होता. मी आठवणीवर गाडी चालवत होतो आणि जे दिसायचं नाही ते अंदाजानं भरून काढत होतो.

अशात गेवराईला मोतीबिंदू तपासणीचं शिबिर लागलं आणि गावातल्या आठ म्हाताऱ्या माणसांना तिथं न्यायचं काम माझ्याकडे आलं. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. सकाळी निघालो. त्यांतले विश्वनाथआबा एरवी हट्टानं माझ्या शेजारी बसायचे, पण त्या दिवशी कंबर धरली म्हणून मागं टेकून बसले. पुढची जागा मोकळी राहिली. वाटेत एका फाट्यावर इंजिनात पाणी घालायला थांबलो, तर एक म्हातारी जवळ आली. चकलांब्याची होती, लेकीकडे वस्तीवर आली होती. मागच्या शिबिरात तिचा एक डोळा झाला होता, आता दुसरा दाखवायचा होता. एसटी आली नव्हती. मी तिला पुढं बसवलं.

कोसभर गेलो असू. रस्ता वळला आणि ऊन थेट काचेवर आलं. समोर सगळं पांढरं झालं. मी सवयीप्रमाणे अंदाजानं तसाच निघालो.

“थांब! आरं थांब, बाई बसलीय म्होरं!”

म्हातारीनं माझा दंड इतक्या जोरात ओढला की ब्रेकवर पाय कसा गेला ते मला आजही सांगता येत नाही. धूळ खाली बसली तेव्हा कुठं मला उसाची बैलगाडी दिसली. तिचं चाक निखळलं होतं. चाकापाशी एक ऊसतोड बाई तान्हं लेकरू मांडीवर घेऊन बसली होती. तिच्यात आणि जीपमध्ये हातभर अंतर नव्हतं. ती ओरडलीसुद्धा नाही, लेकराला छातीशी धरून नुसती बघत राहिली.

मागून आबांनी विचारलं, “काय झालं रं?”

“काई न्हाई,” म्हातारीच म्हणाली. “गाडी आडवी हाय.” मग माझ्याकडे वळून हळूच बोलली, “तुला दिसली न्हाई नं?”

मी उगाच काच पुसू लागलो.

“कावून लपवतो, लेकरा? मीबी लपवलंतं. चुलीत पदर गेला तवा सांगितलं.”

जीपमध्ये एकूण दहा माणसं, आणि त्या वळणावर धड दिसणारा डोळा एकच होता, तोही म्हातारीचा. उरलेला रस्ता मी पायी चालल्याच्या वेगानं कापला. म्हातारी वाटभर सांगत होती, “कुत्रं हाय. सायकलवाला हाय. आता मोकळं हाय.”

शिबिरात तिनं रांगेत स्वतःच्या पुढं मला उभं केलं आणि माझा चिठ्ठीचा कागद स्वतः आणून हातात दिला. पळून जावं असं तीनदा मनात आलं. डोळ्यांत थेंब टाकून आम्हाला डोळे मिटून बाकावर बसवलं. त्या अंधारात मला ते तान्हं लेकरू दिसत राहिलं. पंचाक्षरीचा जप करायला गेलो तर शब्द पुढं सरकेनात.

डॉक्टरीण तरुण होती. तिनं हनुवटी यंत्रावर टेकवायला लावली, पुष्कळ वेळ बघितलं आणि म्हणाली,

“उजवा फार पिकलाय. डोळ्याच्या आतला मागचा पडदा मला दिसतच नाही. तो शाबूत असेल तरच ऑपरेशनचा उपयोग. डावा डोळा झाका. मी बॅटरी दाखवते, उजेड कुठून येतोय ते सांगायचं.”

“वरून,” मी म्हणालो. “आता खालून. नाकाकडून. कानाकडून.”

मग काहीच दिसेना. वर नाही, खाली नाही. चुलत्यांचा खोबणीत गेलेला डोळा आठवला. वर्षभर रस्त्यावर जे केलं तेच करावं, ‘वरून’ असं ठोकून द्यावं, अशी बुद्धी झाली. शब्द ओठांवर आला होता. आणि त्याच क्षणी माझ्यातलं काहीतरी थकून खाली बसलं. डोळा जायचा तर जाऊ दे, गाडी जायची तर जाऊ दे. महादेवा, आता तू बघ.

“न्हाई दिसत, बाई,” मी म्हणालो. “काहीच न्हाई.”

“बरोबर,” ती म्हणाली. “मी बॅटरी बंद केली होती.”

मी अंदाजानं ठोकून देतोय का, तेच ती तपासत होती.

“पडदा चांगला असावा. ऑपरेशन करू या. काम काय करता?”

“जीप चालवतो,” मी म्हणालो. “आजसुद्धा चालवत आणली. आता नाही चालवणार.” आणि खिशातली किल्ली तिच्या टेबलावर ठेवली. ती रागावली नाही. शिबिरात मदतीला आलेल्या एका मास्तरांना तिनं बोलावलं. परतताना जीप त्यांनी चालवली. म्हातारी तिच्या एसटीला गेली होती. तिचं नावही मी विचारलं नव्हतं.

मी मागं बसलो होतो. गाव जवळ आलं तेव्हा सगळ्यांना सगळं सांगितलं. शिव्या पडतील असं वाटलं होतं. पण आबांनी एवढंच विचारलं, “अण्णा, मग सकाळी आमाला तितवर नेलं कुनी?”



पुढं महिन्याभरात बीडला माझं ऑपरेशन झालं. डोळ्यात भिंग बसवतात ही गोष्ट आमच्याकडे तेव्हा नवी होती. उजव्यानं स्वच्छ दिसू लागलं, वर्षानं डावाही झाला. चकलांब्याला जाऊन त्या म्हातारीला शोधलं. ती अंगणात तूर पाखडत होती. मी पाया पडलो तर म्हणाली, “मी काय केलं बाबा? एसटी आली असती तर मी तुझ्या गाडीत बसलेबी नसते.” तिला माझ्या शेजारी बसवणारा दुसराच कुणी होता, मी तेवढंच ऐकायला गेलो होतो, असं मला परतताना वाटलं.

कुणाला कळू देऊ नकोस, हे माझं मागणं देवानं ऐकलं नाही. त्याबद्दल मी त्याच्या पायावर रोज डोकं ठेवतो. ऐकलं असतं, तर त्या वळणावरची माय आणि तिचं लेकरू आज कुठं असतं, हे मनात आणायची माझी हिंमत होत नाही.