माळ्यावरचा लाडवांचा डबा

आई,

लग्नानंतर कुडाळच्या स्टँडवर गाडीत बसले, तेव्हा तू खिडकी धरून म्हणालीस, "पयल्या बाळंतपणाक हंयच ये गो." मी मान डोलावून लालबागला आले. सातव्या महिन्यात माझ्या रक्तातल्या प्लेटलेट्स उतरल्या. डॉक्टर म्हणाल्या, रक्तस्राव झाला तर रक्तपेढी जवळ हवी, प्रवास नको, बाळंतपण इथेच. मग रीत मोडून नवव्या महिन्यात तूच आलीस. विहिणीच्या घरी, संकोचत, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा.

आकडा आणखी खाली गेला तर कळांसाठी पाठीत देतात ते इंजेक्शन मिळणार नाही, हे कळल्यावर माझी गाळण उडाली. शेजारच्या वहिनींनी डेंग्यूत पपईच्या पानांचा रस घेतला होता. तोच मी त्यांच्याकडे जाऊन तीन दिवस चोरून प्यायले. तू तर दिवस गेल्यापासून फोनवर बजावत होतीस, "पपयेक हात लावशीत तर बग!"

चौथ्या दिवशी उलट्या थांबेनात. डॉक्टरांनी विचारलं, "काय घेतलंस?" सासूबाई शेजारीच उभ्या होत्या, तू दाराशी. मी म्हणाले, "आईनं गावठी काहीतरी दिलं."

गावठी! शिकलेली सून म्हणून चाळभर मिरवणारी मी, हे बोलले. तू एकदाच माझ्याकडे बघितलंस आणि डॉक्टरांपुढे हात जोडलेस. "माझीच चूक झाली, बाय."

त्यानंतर तुला कुणी चुलीपाशी फिरकू दिलं नाही. डबा माळ्यावर गेला. प्लेटलेट्सच्या पिशव्या तयार ठेवल्या होत्या, त्या लागल्या नाहीत. इंजेक्शनाविना कळा काढल्या, मुलगी सुखरूप झाली. बारशाच्या दुसऱ्या दिवशी तू निघालीस. मी तेव्हाही तोंड उघडलं नाही. लाज वाटते, आई, अजून वाटते.

आता पुन्हा दिवस गेलेत, प्लेटलेट्सही पुन्हा उतरल्यात. काल सासूबाई म्हणाल्या, "या खेपेला तुझ्या आईला नको हां बोलवू." तेव्हा मात्र मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी निवडायला घेतलेली मेथी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "आणि ती बाई एवढं ऐकून गप्प बसली? डबा काढ तो."

लाडवांना बुरशी आली होती. मी ते टाकले, डबा घासून ठेवला.

घर मला इथे आहे, आई. माहेर मात्र तू होतीस तेवढाच महिनाभर होतं, आणि त्याला मी गावठी म्हणाले.

येशील?